पाळीचं कॅलेंडर

७ सप्टेंबर २०२४, शनिवार

गणपती बसले. सकाळपासून रिमझिम. सारण मी केलं, तळणीचे मोदक वळायला आई बसल्या. नजर पार मंदावली आहे त्यांची. हात मात्र पक्का. कळ्या बोटांनी चाचपून दुमडतात.

इथल्या, इंदूरच्या मराठी मंडळातून फोन. कोजागिरीला 'मराठी कवितेतला संसार' असा कार्यक्रम ठेवायचाय. निवड आणि निवेदन माझ्याकडे. एक तास. हो म्हटलं.

लेकीचा पुण्याहून फोन. पाय सुजलेत. डॉक्टर म्हणाल्या, काळजीचं काही नाही. दिवाळीच्या आत होईल म्हणतात.

८ सप्टेंबर

कपाटातून भा. रा. तांबे काढले. समग्र कविता, माधव जूलियनांनी संपादलेली. पहिली आवृत्ती १९३५ ची. आमच्याकडची मागाहूनची, पाठीला चिंधी लावलेली.

तांबे आपल्याकडचे. जन्म मुंगावलीचा, पुढे देवास, ग्वाल्हेर, संस्थानांच्या नोकऱ्या. पुण्या-मुंबईपासून इतक्या लांब राहून त्यांनी मराठीला गाणी दिली. झोपलेल्या तान्ह्याकडे बघत बसलेल्या आईची त्यांची कविता पुन्हा वाचली. तीत रात्र किती झाली ते कळत नाही. मूल झोपलंय, आई बघतेय. पहिल्या बाळंतपणात अगदी असंच होतं, दिवस कुठला नि रात्र कुठली. पुरुषाने लिहिली आहे, तरी खरी.

ही घ्यायची.

१० सप्टेंबर

महालक्ष्म्या आल्या. लिहायला सवड नाही.

११ सप्टेंबर

मालवा मिलच्या मंडीत सकाळी सातला पोचले, तरी गर्दी. सोळा भाज्या जमवताना घेवडा शेवटपर्यंत मिळेना.

जेवणं उरकल्यावर आई सांगत होत्या. लग्नानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्या. मामंजींची रातपाळी. नैवेद्य, आरती सगळं भोंग्याच्या हिशेबाने आवरलं. ते डबा घेऊन गेले. मग मागच्यांनी पानं घेतली.

"देवीलेबी पाळी होती व माय," म्हणाल्या.

१३ सप्टेंबर

शाळेतल्या कविता काढल्या. यशवंतांची 'आई'. माधव जूलियनांची आईवरची. दोन्ही पाठ आहेत, दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी म्हटल्या. आज एकामागून एक वाचल्या. दोन्हींत आई नाही, तिच्या मागे राहिलेलं लेकरू आहे. आई गेल्यावर कविता झाली.

आई घरात आहे, तिची कंबर धरलीय, तिने दूध उतू जाऊ दिलं आणि ती चिडली आहे, अशी कविता मुलगे का लिहीत नाहीत? कार्यक्रमात या दोन्ही घेणार नाही. लोक रागावतील. रागावू देत.

१५ सप्टेंबर, रविवार

माळा काढला. पाळणा हवा होता. ह्यांना वाटतं तो भावजी भोपाळला घेऊन गेले. मला आठवतं, इथेच आहे.

पाळण्याआधी कॅलेंडरांची गुंडाळी सापडली. सुतळीने बांधलेली. जुनी 'कालनिर्णय'. आईंचा भाऊ दरवर्षी दिवाळीत रावेरकडून आणायचा. फेकायला निघालेले हे. मी हातातून घेतली.

मामंजींच्या अक्षरात निळ्या पेन्सिलीने दर सोमवारी एक अक्षर. दि. दु. रा. पुढच्या आठवड्यात पुन्हा दि. दिवसपाळी, दुपारपाळी, रातपाळी. पगाराच्या तारखेभोवती गोल. दुधाच्या रेघा खाली वेगळ्या.

आणखी काही ठिपके आहेत. काजळाचे असावेत, पुसट. आईंना लिहिता येत नाही, म्हणजे ठिपके त्यांचेच. दुधाचे नाहीत. सणावारांचेही नाहीत.

आई झोपल्या होत्या. विचारायचं राहिलं. पाळणा पत्र्याच्या पेटीमागे होता. एक कडी गेलीय.

१७ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

गणपती गेले. रात्री झांक्या. मिल बंद पडून इतकी वर्षं झाली, झांकी निघतेच. दिव्यांचे रथ, पुढे आखाडे, राजवाड्यापर्यंत सगळा रस्ता माणसांनी भरलेला. परदेशीपुऱ्यात घराघराला कुलूप.

आई येत नाहीत. ओट्यावर बसून ढोल ऐकतात. हे म्हणाले, लहानपणी रात्रभर बाबांच्या खांद्यावर बसून झांकी बघायचो. वर्षातली तेवढी एक रात्र बाबा जागे आणि घरच्यांबरोबर.

गेल्या डिसेंबरात हुकुमचंद मिलच्या मजुरांचे थकलेले २२४ कोटी मार्गी लागले. चार हजार आठशे मजूर. तीस वर्षं उलटून गेली होती. कितीतरी घरांत मजूर उरलाच नव्हता. बायको, मुलगा, नातू कागद घेऊन गेले. या गल्लीतही तशी घरं आहेत. त्यावर कुणी मराठीत कविता लिहिली असेल तर मला वाचायची आहे.

१९ सप्टेंबर

गल्लीत पोरींनी संजा मांडली आहे. समोरच्या भिंतीवर शेणाचे चंद्र-सूर्य, वर गुलतेवड्याच्या पाकळ्या. संध्याकाळी माळवीत गाणी.

आईंना ऐकवायला नेत होते, त्या एकदम म्हणाल्या, आमची भुलाबाई बसली असेल आता. खानदेशात भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई. टिपऱ्या, गाणी, शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची.

संजा इकडची, भुलाबाई तिकडची. दोन्हीकडे गाणाऱ्या पोरी परकर-फ्रॉकातल्या आणि गाणी सासरची. सासू, नणंद, माहेरची वाट, न्यायला न आलेला भाऊ. संसार सुरू व्हायच्या आधीच तोंडपाठ. पुढे तो खरोखर वाट्याला येतो तेव्हा शब्द शोधावे लागत नाहीत. कवींनी संसारावर लिहिलं त्याच्या कितीतरी आधी हे काम या पोरींनी करून ठेवलंय.

लेकीने एकही भुलाबाईचं गाणं ऐकलेलं नाही.

२० सप्टेंबर

भावजींना फोन केला. मी पुण्याला गेले तर आईंजवळ कोण? बघतो म्हणाले.

२२ सप्टेंबर, रविवार

नारायण सुर्वे. दिवसभर सुर्वेच.

ज्या मुलाचे जन्मदाते कुणाला ठाऊक नाहीत, त्याला गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने घरी नेलं, नाव दिलं. मुंबईच्या गिरणगावात वाढलेला तो मुलगा पुढे गिरणीत राबला, शिपाई झाला, शिक्षक झाला. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२, 'माझे विद्यापीठ' १९६६. मराठी कवितेत तोवर घर म्हणजे वाडा, अंगण, देवघर, तुळस. सुर्व्यांनी दहा बाय दहाची खोली आणली. कामावरून आलेला नवरा, पगार, उद्याची फिकीर, त्यातच बायकोशी दोन प्रेमाचे शब्द. काळ तिथे ऋतूंनी सरकत नाही, पगारापासून पगारापर्यंत सरकतो.

ह्यांना दोन कविता वाचून दाखवल्या. हे कविता ऐकणारे नव्हेत. पेपर बाजूला ठेवला. "पुन्हा वाच," म्हणाले.

बाप म्हटला की मराठीत शेतातला बाप भेटतो. इंद्रजित भालेरावांचा आहे, आणि जिवंत आहे. साच्यावरचा बाप शोधायला लागतो.

२३ सप्टेंबर

कृष्णाबाई सुर्व्यांचं 'मास्तरांची सावली' शेल्फावरच होतं. तीच खोली, तीच वर्षं. पण धान्य संपल्याची तारीख हिला ठाऊक. कवीचा संसार वाचायचा तर शेजारी बायकोचं पुस्तक उघडं हवं. निवेदनात हे सांगायचंच.

२५ सप्टेंबर

मुक्तिबोध बंधू. थोरले गजानन माधव हिंदीत, धाकटे शरच्चंद्र मराठीत. शरच्चंद्रांचा जन्म आपल्या इंदूरचा, १९२१ चा. घर एक, आईबाप एक, बालपण याच माळव्यातलं. एकाच ताटात जेवलेले दोघे भाऊ दोन भाषांत कवी झाले. 'नवी मळवाट' १९४९ ची. थोरले १९६४ साली गेले, 'चाँद का मुँह टेढ़ा है' छापून आलेलं पाहायला नव्हते.

आमच्या घरी ह्यांचं मराठी अर्धं हिंदी, लेकीचं अर्धं इंग्रजी. आईंचं मात्र रावेरचंच. साठ वर्षं इंदुरात राहून त्यात फरक नाही.

चंद्रकांत देवतालेही इथलेच म्हणायचे. इंदूर, उज्जैन. मराठीतून दिलीप चित्र्यांना त्यांनी हिंदीत नेलं. आईवर कविता लिहिता येत नाही, असं सांगणारी त्यांची हिंदी कविता आहे. मला ती मराठीतल्या पुष्कळ आईकवितांपेक्षा जवळची वाटते. आईचा मोठेपणा न सांगता तो समोर येतो.

२६ सप्टेंबर

लेकीचा रक्तदाब थोडा वाढलेला. झोप आली नाही.

२८ सप्टेंबर

लताबाईंचा जन्मदिवस. त्यांचं जन्मगाव इंदूरच. चौकात सकाळपासून गाणी. दुपारी कुणीतरी तांब्यांचं तिन्हीसांजेचं गाणं लावलं. आई भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "गयाच आहे बाईले."

२ ऑक्टोबर, सर्वपित्री

वडे, खीर, आमसुलाची चटणी. मामंजींना आवडायची म्हणून कळण्याची भाकरी वेगळी. कावळा आला नाही. ह्यांनी गच्चीवर तासभर वाट पाहिली.

माणूस गेल्यावर घटकाभर हळहळ होते आणि जग आपल्या कामाला लागतं, हे तांबे किती सरळ सांगून गेले. गोड चालीत सांगितलं म्हणून लोक ते गुणगुणतात. कार्यक्रमात ती घ्यावी का, ठरत नाही. समोर बसलेल्यांत निम्म्या विधवा असतील.

३ ऑक्टोबर

घट बसले. संध्याकाळी बातमी, मराठीला अभिजात दर्जा. मंडळाच्या ग्रुपवर हार-फुलं. आनंद झाला. आईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हनजे काय करतीन आता?"

४ ऑक्टोबर

बहिणाबाई. आईंना मोठ्याने वाचून दाखवल्या. एकेक शब्दाला मान हलत होती. "हे आमच्याकडचंच बोलनं."

बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. काम करता करता सुचायचं. लेक सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावाने टिपून ठेवलं. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. पुढल्या वर्षी पुस्तक निघालं, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. तिशीत वैधव्य, पदरी लेकरं, शेती. त्यातलं रडगाणं शोधून सापडत नाही. चूल, मोट, पेरणी, घरोटं. हातातलं काम हलतं तसा काळ हलतो.

टिपून घेणारा लेक नसता, तर मराठीला कळलंही नसतं आपण काय घालवलं.

६ ऑक्टोबर, रविवार

इंदिरा संत. 'सहवास' १९४०, नवराबायकोचा मिळून एक संग्रह. १९४६ साली ना. मा. संत गेले. 'शेला' १९५१. ही तीन सालं मी कागदावर एकाखाली एक लिहिली आणि थांबले. लहान मुलं, शिक्षिकेची नोकरी, बेळगाव.

त्यांच्या कवितेत गेलेला माणूस कुठेही नावाने येत नाही. संध्याकाळ येते, पाऊस येतो, दार येतं. घर चालूच आहे. मुलांची जेवणं झालीत. त्यानंतरची जी वेळ उरते, ती कविता. 'गर्भरेशीम'पर्यंत, म्हणजे १९८२ पर्यंत, ती वेळ संपली नाही.

मग लेकाने, प्रकाश नारायण संतांनी, लंपन लिहिला. 'वनवास' १९९४. आजी-आजोबांच्या घरी वाढणारा मुलगा. आईची कविता आणि लेकाची कथा शेजारी ठेवून वाचली की एका घराची साठ वर्षं दोन्ही बाजूंनी दिसतात.

इंदिराबाईंना पंधरा मिनिटं. कमी करणार नाही.

९ ऑक्टोबर

आज आईंना कॅलेंडर दाखवलं. दिसत नव्हतं, मी ठिपके कुठल्या आठवड्यात आहेत ते वाचत गेले. त्या हसल्या.

ठिपके दळणाचे. गहू चक्कीवर जायचे. कळण्याचं पीठ, डाळी घरच्या जात्यावर. माहेरचं जातं, खंडव्याला गाडी बदलून छोट्या लाइनने आणलेलं. हमालाने फलाटावर ठेवताना शिव्या दिल्या होत्या.

"मंग ठिपके फक्त 'दि'च्याच आठवड्यात कसे?"

"बाकीचे दिवस ते झोपेल र्‍हायचे ना. रातपाळीचा मानूस. जातं वाजलं तर उठतीन. पोरंबी तोंडावर बोट ठेवून हिंडत."

"आणि ओव्या?"

"ओव्या जात्यासंगं. जातं बंद तं ओव्या बंद. मनातल्या मनात म्हनायची कधी. पन त्या तशा येत नहीत."

तीन आठवड्यांत एक आठवडा.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा जात्यावर पाण्याचा माठ ठेवलेला होता. तेव्हा विचारलं असतं तर आई चाळीस वर्षांनी तरुण होत्या.

१० ऑक्टोबर

दुपारी दोन ते चार लिहायला बसलो. आई सांगतात, मी लिहिते. आधी अडखळत होत्या. मग हात गोल फिरवायला लागल्या, रिकाम्या हवेत, खुंटा धरल्यासारखा. शब्द सुटले.

पहिल्या माहेरच्या. भावाच्या. आईच्या दाराशी उभी असलेली लेक. एका ओवीत भाऊ बैलगाडीने येतो. पुढच्या ओवीत तोच भाऊ खंडव्याच्या गाडीने. विचारलं, ही कुठून शिकलात? "ही माही," म्हणाल्या. इंदूरला आल्यावर गाडी बदलली, तशी ओवीतलीही बदलली.

एक मिलच्या भोंग्याची. फक्त एक.

११ ऑक्टोबर

साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये ओव्या गोळा केल्या. नंतर गी पॉइतवँ आणि हेमा राईरकरांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी बायकांकडून घेतल्या, लाखाहून जास्त, आणि प्रत्येक ओवीला सांगणारीचं नाव, गाव. ते मोठंच काम झालं. पण ती महाराष्ट्रातली गावं. आपण बाहेरचे. इंदूर, देवास, ग्वाल्हेर, बडोदा. आपल्या म्हाताऱ्यांकडे कोण येणार?

आज सतरा झाल्या. दोन पूर्वीच्याच निघाल्या, वेगळ्या शब्दांत. दोन्ही ठेवल्या.

१२ ऑक्टोबर, दसरा

सोनं वाटलं. आईंचा घसा बसलाय. लिहिणं बंद.

१४ ऑक्टोबर

लेकीला रोज रक्तदाब मोजायला सांगितलंय. डॉक्टर म्हणतात, वीस-बाविसाला या. ह्यांनी तिकिटं पाहिली.

भावजी येतात. बरोबर पुतणी, तिची परीक्षा संपली. पंधरा दिवस राहतील. जीव खाली बसला.

१६ ऑक्टोबर, कोजागिरी

कार्यक्रम झाला. दूध आटेपर्यंत साडेनऊ.

तांबे, बहिणाबाई, इंदिराबाई, सुर्वे. शरच्चंद्र वेळेअभावी राहिले. यशवंत का नाही म्हणून एका काकांनी विचारलंच. सांगितलं. पटलं नाही त्यांना.

शेवटची दहा मिनिटं आईंच्या ओव्या वाचल्या. आधी त्यांचं नाव, मग माहेरचं गाव, मग सासरचं: परदेशीपुरा. कॅलेंडरही दाखवलं. दि, दु, रा, आणि ठिपके.

सगळे उठायला लागले तेव्हा नंदानगरच्या एक आजी जवळ आल्या. काठी होती. म्हणाल्या, आमच्याकडेही तसंच. हे साचेखात्यात होते. मी उखळाखाली गोधडी घालायची आणि तोंड बंद ठेवून कांडायची. मग पाटनीपुऱ्याच्या दुसऱ्या एक. त्यांच्याकडे पाळणे आहेत, म्हणाल्या, पण आता विचारतं कोण. दोघींचे पत्ते घेतले.

म्हणजे ही एका घरातली गोष्ट नव्हे. मिलने पगार दिला, शहर उभं केलं, झांक्या दिल्या. आणि या वस्तीतल्या बायकांचं गाणं तीन आठवड्यांतून दोन आठवडे बंद ठेवलं. हे कुठल्याही कवितेत आलेलं नाही. मला माहीत असलेल्या तरी नाही.

१८ ऑक्टोबर

आईंना विचारलं, पणतवंडासाठी काही सांगता का. पाळण्याची एक आठवते म्हणाल्या. फोन लावला, लेकीला ऐकवली. लेक काही बोलेना. मग म्हणाली, "आजी, परत." परत म्हटली.

पाळण्याची कडी बसवून आणली.

१९ ऑक्टोबर

बॅग भरली. डिंक, आळीव, जुन्या धोतराचे लंगोट. ओव्यांची वही इथेच ठेवते. तिचं काम इथे आहे.

२० ऑक्टोबर, रविवार

भावजी आणि पुतणी सकाळी आले. रात्रीच्या बसने आम्ही निघतो.

पुतणीसाठी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय, तेच इथे उतरवते.

दुपारी दोनला आजीजवळ बस. जेवणानंतर त्यांना थोडी झोप होऊ दे. फोनवर रेकॉर्ड कर, पण तेवढ्यावर सोडू नकोस, त्याच दिवशी लिहून काढ. शब्द सुधारू नकोस. 'नही' म्हणाल्या तर 'नही'च लिही. एक ओवी दोनदा वेगळी आली तर दोन्ही लिही. ती कुठल्या कामाला म्हणायची, कुणाकडून शिकली, तेही विचार. मंगळवारी नंदानगरच्या आजींकडे आणि पाटनीपुऱ्याच्या आजींकडे जाऊन ये, पत्ते मागच्या पानावर आहेत. प्रत्येकीचं पूर्ण नाव आणि माहेरचं गाव आधी लिही, ओवी मग.